अपेक्षांच्या दोन चौकटी आणि स्त्रीचे स्वत्व : 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' व 'स्मृतिचित्रे' यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाची चळवळ रुजली आणि पुढील काही दशकांत तिचे फलित स्त्रियांच्या आत्मकथनांच्या रूपाने मराठी वाङ्मयात प्रकट झाले. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), पार्वतीबाई आठवले यांचे 'माझी कहाणी' (१९२८), लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' (चार भाग, १९३४ ते १९३७), आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४) ही या परंपरेतील ठळक नावे होत. या ग्रंथांची समीक्षा बहुधा एका ठरावीक दिशेने होते. एका बाजूस रूढिग्रस्त कुटुंब, दुसऱ्या बाजूस सुधारक पती किंवा बंधू आणि त्यांच्या आधाराने अंधारातून उजेडात येणारी स्त्री, असे हे चित्र असते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे.

इतरांच्या अपेक्षा बाजूला सारून स्वतःसारखे होणे म्हणजे काय, हा प्रश्न या ग्रंथांना विचारला असता एक अडचण समोर येते. रूढीची स्त्रीकडून काही अपेक्षा होती, तशीच सुधारकाचीही होती. 'शिकू नकोस' ही जशी आज्ञा, तशीच 'शीक' हीदेखील आज्ञाच. दुसरी हितकारक होती, हे मान्य करूनही ती आज्ञा होती, हे नाकारता येत नाही. मग या दोन आज्ञांच्या मध्ये उभ्या असलेल्या स्त्रीचे स्वतःचे असे काही होते काय, आणि असल्यास ते ग्रंथात कोठे सापडते? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१. दोन्ही आत्मकथनांतील रूढीच्या व सुधारणेच्या अपेक्षांचे स्वरूप तपासणे.
२. या दोन्ही अपेक्षांपासून लेखिकेचे मन वेगळे होते ते क्षण शोधणे.
३. या विवेचनाचा आजच्या महाविद्यालयीन अध्यापनाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

अभ्यासाची व्याप्ती व मर्यादा :

प्रस्तुत अभ्यास दोन ग्रंथांपुरता मर्यादित असून त्यासाठी विश्लेषणात्मक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. दोन्ही लेखिका ब्राह्मण कुटुंबांत जन्मलेल्या आहेत. त्यामुळे येथील निष्कर्ष सर्व मराठी स्त्रियांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) मध्ये कोणा सुधारकाचा हात धरून नव्हे, तर थेट संतापाने प्रश्न विचारले. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) या ग्रंथांत अपेक्षांच्या चौकटीला जातीची तिसरी बाजू आहे. त्या ग्रंथांचा विचार स्वतंत्रपणेच व्हावयास हवा.

विषय विवेचन :

अ) 'स्वतः' या शब्दाचा अर्थ

रमाबाई रानडे यांच्या ग्रंथाचा आजचा वाचक पहिल्या काही पृष्ठांतच एका शब्दाशी अडखळतो. तो शब्द आहे 'स्वतः'. पतीचे नाव न घेण्याच्या त्या काळच्या रीतीप्रमाणे रमाबाई न्यायमूर्तींचा उल्लेख 'स्वतः' असा करतात. आज ज्या शब्दाने आपण 'मी' सूचित करतो, तो शब्द या ग्रंथात पतीसाठी राखून ठेवलेला आहे. कॅथरीन गेट्स यांनी १९३८ मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा हेच हेरून त्याला 'हिमसेल्फ' असे नाव दिले. आत्मकथन स्त्रीचे, आणि शीर्षकातील 'स्वतः' मात्र पुरुष!

मूळ मराठी शीर्षकातील 'आमच्या' हे सर्वनामही असेच लक्षणीय आहे. आयुष्य दोघांचे म्हणून सांगितले आहे आणि १९०१ मध्ये न्यायमूर्तींचे निधन झाले, तेथे कथनही थांबते. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९१० मध्ये. मधल्या नऊ वर्षांत रमाबाई स्वतंत्रपणे सार्वजनिक कार्यात उतरल्या होत्या. सेवासदनाची उभारणी त्यांच्या हातून होत होती. त्यातले काही ग्रंथात येत नाही. ज्या काळात त्या सर्वार्थाने स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या, तो काळ त्यांना 'आठवणी' म्हणून सांगण्यासारखा वाटला नाही.

यावरून रमाबाईंना स्वत्व नव्हते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. प्रश्न एवढाच की, ते कोठे शोधावे.

आ) दोन आज्ञांच्या मध्ये : रमाबाई

रमाबाईंचा जन्म १८६२ मधला, कुर्लेकर घराण्यातला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे विधुर होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी विधवेशीच विवाह करावा, ही सुधारकांची अपेक्षा होती; कुमारिकेशी विवाह करावा, हा वडिलांचा आग्रह होता. रानड्यांनी वडिलांचे ऐकले. म्हणजे रमाबाई ज्या संसारात आल्या, त्याचा पायाच इतरांच्या अपेक्षेपुढे एका थोर पुरुषाने घेतलेल्या माघारीवर उभा होता. पत्नीला शिकवण्यामागील रानड्यांच्या तळमळीत या माघारीची काही भरपाई असावी काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

विवाहानंतर लगेच अक्षरओळख सुरू झाली. घरातील ज्येष्ठ स्त्रियांना ते मानवले नाही. टोमणे, अबोला, कामातून वगळणे आणि कामात जुंपणे, अशी सर्व शस्त्रे वापरली गेली. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाच्या सभा सुरू झाल्या, तेव्हा हा विरोध अधिकच तीव्र झाला. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी झालेल्या सभेत रमाबाईंनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीत निवेदन वाचले. १८८४ मध्ये पुण्यात ती शाळा सुरू झाली. एका नगराच्या इतिहासात महत्त्वाची ठरलेली ही घटना रमाबाईंच्या घरात मात्र अपराध म्हणून गणली गेली.

या प्रसंगी रानड्यांची भूमिका काय होती? ते पत्नीला शिकण्यास सांगत होते आणि त्याचबरोबर घरातील वडीलधाऱ्यांना उलट उत्तर न देता सर्व सोसण्यासही सांगत होते. सभेत बोलावे आणि घरात गप्प राहावे, ही दुहेरी अपेक्षा होती. शिवाय पतीच्या अपेक्षेत आपण उणे ठरलो, ही जाणीव रमाबाईंना घरातल्या बोलण्यापेक्षा अधिक टोचते. सासरच्यांचा राग शब्दांत येई. रानड्यांची नापसंती मौनात येई. शब्दांशी भांडता येते, मौनाशी कसे भांडावे? प्रेमाच्या माणसाची अपेक्षा ही अपेक्षा म्हणून ओळखूही येत नाही, हेच तिचे बळ असते.

तरीही एका ठिकाणी रमाबाईंचे मन वेगळे उभे राहिलेले दिसते. ते म्हणजे पंचहौद प्रकरण. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १४ ऑक्टोबर १८९० रोजी अनेक प्रतिष्ठितांना चहा देण्यात आला. त्यांची नावे प्रसिद्ध झाली, ग्रामण्य उभे राहिले आणि अखेरीस १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. हा निर्णय आपल्याला रुचला नव्हता, हे रमाबाई लपवत नाहीत. रानड्यांचे समर्थनही त्या प्रामाणिकपणे नोंदवतात. पण त्या नोंदीतही खंत विरघळत नाही. ज्यांनी सुधारणा शिकवली, त्यांच्याहून शिष्येचे पाऊल येथे पुढे आहे. घरातल्या स्त्रिया सांगत होत्या त्याप्रमाणे तिने वागावे, असे रमाबाईंना वाटत नव्हतेच. परंतु आता पती जे करतात ते सर्व बरोबरच, असेही त्यांना वाटत नाही. दोन्ही चौकटींबाहेरचे हे मत लहानसे असले तरी संपूर्णपणे त्यांचे आहे. आठवणींच्या या ग्रंथातील 'स्वतः' या शब्दाचा आजचा अर्थ प्रस्तुत अभ्यासिकेस येथे प्रथम ऐकू येतो.

इ) 'टिळक' म्हणणारी लेखिका : लक्ष्मीबाई

'स्मृतिचित्रे' उघडताच भाषेतला फरक जाणवतो. लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख सरळ 'टिळक' असा करतात. हा केवळ रीतीतला बदल नाही. पतीला नावाने संबोधले की तो कथनातील एक पात्र होतो. त्याच्याकडे पाहता येते, त्याच्यावर रागावता येते आणि त्याच्यावर हसताही येते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांच्या सोवळ्याला वेडाचे रूप आले होते. बाजारातून आलेली वस्तू धुऊनच घरात घ्यायची, हा घराचा नियम होता. १८८० मध्ये नारायण वामन टिळकांशी विवाह झाला. टिळक प्रतिभावान, उदार आणि अस्थिर. घरखर्चाचे पैसे भलत्याच कारणी लागत, लागलेली नोकरी सुटे, न सांगता ते निघून जात. असा माणूस पत्नीला सुशिक्षित करू इच्छितो, तेव्हा शिकवण्याचा उत्साह आणि शिकवण्याची चिकाटी यांत किती अंतर पडते, हे लक्ष्मीबाईंनी मिस्किलपणे दाखवले आहे. रमाबाईंच्या ग्रंथात शिष्या स्वतःचे उणेपण मोजते; येथे शिष्या गुरूचेही मोजते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई लहान मुलासह आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. पुढची चार-पाच वर्षे त्या पतीपासून दूर होत्या. पती हयात, कुंकू कायम, पण संसार नाही, अशी ही अवस्था. या काळात त्यांच्याभोवती दोन अपेक्षा स्पष्ट उभ्या होत्या. नातलगांची अपेक्षा होती की, बाटलेल्या नवऱ्याशी संबंध ठेवू नये. टिळकांची उत्कट इच्छा होती की, पत्नीने आपल्याकडे यावे आणि आपल्याला जे सत्य सापडले, ते तिनेही स्वीकारावे. लक्ष्मीबाईंनी दोहोंपैकी एकही मान्य केली नाही. त्या अखेर टिळकांकडे गेल्या, पण धर्म सोडून नव्हे. आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवून त्या अहमदनगरला राहू लागल्या. पत्नी म्हणून जवळ आणि धर्माने दूर, ही जागा कोणीच त्यांना आखून दिली नव्हती. ती त्यांनी स्वतः शोधली.

यानंतरचा टप्पा या ग्रंथाचा गाभा आहे. जातिभेदाचा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात एकान्तात, कोणाचे व्याख्यान न ऐकता सुरू होतो. देवाने माणसांत खरोखर जाती केल्या असतील काय, या प्रश्नाचा त्या आपल्या पद्धतीने पाठपुरावा करतात. देवाने केलेल्या जाती दोनच, स्त्री आणि पुरुष, बाकीच्या माणसाने केल्या, या निष्कर्षाला त्या येतात. आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास मोकळ्या होतात. येथे क्रम महत्त्वाचा आहे. त्या आधी ख्रिस्ती झाल्या आणि म्हणून विटाळ सुटला, असे झाले नाही. विटाळ आधी सुटला. दीक्षा त्यानंतर, १९०० मध्ये. टिळकांचा प्रवास ग्रंथांमधून, वादांमधून आणि कवीच्या तळमळीतून झाला. लक्ष्मीबाईंचा प्रवास पाण्याच्या भांड्यापाशी झाला. ज्या घरात बाजारची वस्तू धुतली जात होती, त्या घरातल्या मुलीला स्वत्वाचा प्रश्न याच जागी पडणे स्वाभाविक होते. दोघे एका ठिकाणी पोहोचले, म्हणून एकाच वाटेने गेले असे म्हणता येत नाही.

या संदर्भात अनुवादांच्या शीर्षकांकडे पाहणे उद्बोधक ठरते. जोसेफिन इंक्स्टर यांनी १९५० मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाचे नाव 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मागोमाग जाणारी मी. शांता गोखले यांच्या २०१७ मधील अनुवादाने मूळ नाव राखले, पण उपशीर्षकात लेखिकेला 'स्पिरिटेड वाइफ', तेजस्वी पत्नी, म्हटले. गेट्स यांचे 'हिमसेल्फ' आपण पाहिलेच. दोन ग्रंथ, तीन अनुवाद, आणि तिन्ही वेळा ओळख पतीवरून. या अनुवादकांचे ऋण मोठे आहे, यात शंका नाही. तथापि मागोमाग जाणे हे वर्णन लक्ष्मीबाईंना शोभत नाही. जी पाच वर्षे थांबते, येऊनही आपली चूल वेगळी ठेवते आणि आपला निर्णय आपल्या कारणांनी करते, ती मागोमाग गेलेली नसते.

१९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. ज्यांना एके काळी पतीने अक्षरे शिकवली, त्यांनीच पतीचे महाकाव्य पूर्ण करावे, यात निष्ठा आहे. परंतु 'स्मृतिचित्रे'सारखा ग्रंथ लिहिण्यास केवळ निष्ठा पुरी पडली नसती. त्यासाठी लागणारी दृष्टी त्यांनी कोणाकडून उसनी घेतलेली नाही.

ई) विनोद आणि मौन

दोन्ही लेखिकांच्या शैलीत या स्वत्वाच्या शोधाचा ठसा आहे. रमाबाई जे सांगत नाहीत, त्यातून त्या कळतात. त्यांचे गद्य संयत, आदरशील आणि सावध आहे. नापसंती असली तरी ती आदराच्या वाक्यात गुंडाळून येते. लक्ष्मीबाईंचे गद्य बोलके असून त्यांचा विनोद प्रथम स्वतःवर आणि मग टिळकांवर रोखलेला असतो. या विनोदात कडवटपणा नाही, म्हणून त्याला बंड म्हणण्यास समीक्षक कचरतात. परंतु ज्या माणसावर आपले प्रेम आहे आणि ज्याने आपल्याला दुःख दिले, त्याच्याविषयी हसून लिहिता येणे, हे स्वतंत्र मनाचेच लक्षण मानावे लागेल.

येथे एक आक्षेप संभवतो. रानडे व टिळक नसते तर या स्त्रिया लिहित्या झाल्या असत्या काय? बहुधा नाही. अक्षरे त्यांनी दिली, हे ऋण दोन्ही लेखिकांनी वारंवार मान्य केले आहे. मात्र अक्षरे देणाऱ्याला त्या अक्षरांनी काय लिहिले जाईल, हे ठरवता येत नाही. या दोन ग्रंथांची थोरवी याच ठिकाणी आहे.

उ) अध्यापकाची अपेक्षा

हा विषय निवडण्यास एक अनुभव कारणीभूत झाला, तो येथे नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी वक्तृत्व स्पर्धेसाठी पदवी वर्गातील एका विद्यार्थिनीची तयारी प्रस्तुत अभ्यासिकेने करून घेतली. विषय स्त्रीमुक्तीचा होता. भाषण अभ्यासिकेनेच लिहून दिले, हातवारेसुद्धा बसवले. घरून तिला विरोध होता. तो मोडून तिने यावे, म्हणून बराच आग्रहही धरला. विद्यार्थिनीने भाषण उत्तम केले. परतताना एस.टी.मध्ये ती म्हणाली, "मॅडम, घरी म्हणतात बोलू नको, तुम्ही म्हणता बोल. पण काय बोलायचं ते दोन्हीकडे आधीच ठरलेलं असतं." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. उत्तर मात्र सुचले नाही.

सुधारकांच्या अपेक्षेविषयी लिहिताना ते वाक्य वारंवार आठवत राहिले. ग्रामीण भागातून येणाऱ्या, घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलींना आपण अध्यापक 'स्वावलंबी व्हा, निर्भय व्हा' असे सांगतो. हे सांगणे योग्यच आहे. पण त्यांचे स्वावलंबन कोणत्या आकाराचे असावे, हेही आपणच ठरवतो. स्पर्धा परीक्षा देणारी मुलगी आपल्याला प्रगत वाटते. घरच्या शेतीत राहू इच्छिणारी मागे पडलेली वाटते. तिने असे का ठरवले, हे आपण क्वचितच विचारतो. रानडे आणि टिळक यांच्याइतकी थोरवी आपल्यापाशी नाही, पण त्यांची ही एक मर्यादा मात्र आपल्यापाशी पुरेपूर आहे.

निष्कर्ष :

१. दोन्ही आत्मकथनांत अपेक्षांच्या दोन चौकटी आढळतात : एक रूढीची व दुसरी सुधारणेची. दुसरी चौकट प्रेमाची व हिताची असल्याने तिची जाणीव उशिरा होते.

२. रमाबाईंचे स्वत्व पतीच्या निर्णयाविषयीच्या संयत नापसंतीत, तर लक्ष्मीबाईंचे स्वत्व स्वतःच्या गतीने व स्वतःच्या कारणांनी केलेल्या निर्णयात प्रकट होते.

३. सुधारकाशी अंतिमतः सहमत होणे म्हणजे त्याच्या मागोमाग जाणे नव्हे. निर्णय काय झाला, यापेक्षा तो कोणत्या वाटेने झाला, हे स्वत्वाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. समीक्षेने या वाटेची दखल घ्यावी.

४. हे ग्रंथ वर्गात शिकवताना केवळ 'सुधारकांनी स्त्रीला शिकवले' एवढेच सांगणे पुरेसे नाही. शिकलेल्या स्त्रीने सुधारकाशी कोठे मतभेद दाखवला, हेही विद्यार्थ्यांसमोर यावे.

त्यानंतरच्या वर्षी स्पर्धेसाठी भाषण लिहून देणे अभ्यासिकेने बंद केले. विद्यार्थिनी आता स्वतः लिहितात. पारितोषिके पूर्वीपेक्षा कमी मिळतात. भाषणांत चुका असतात, मुद्दे विस्कळीत असतात आणि कित्येकदा त्यातील मते अभ्यासिकेस पटत नाहीत. ती न पटणारी मते अद्याप एकदाही खोडलेली नाहीत.